कळशीत चिमूटभर मीठ

पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचा मला राग येतो. हे बोलायचं नसतं, कारण त्या तक्रारी लिहून घेण्याचाच मला पगार मिळतो. पण येतो तो येतोच. सकाळी दहाला खिडकी उघडली की पहिला माणूस उभा असतो. "मॅडम, प्रेशरच नाही." "मॅडम, काल फक्त अर्धा तास आलं." "मॅडम, चौथ्या मजल्यावर चढतच नाही, आम्ही काय आंघोळी करायच्या नाहीत?" एकदा एका गृहस्थांनी काचेवर हात आपटून मला विचारलं होतं, "पाणी नसलं की काय होतं, तुम्हाला काय कळणार?" मी म्हटलं, "खरंय. पाणी आलं की काय होतं, तेवढंच मला माहितीये." त्यांना काही समजलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. वहीत 'दाब कमी' असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

आमचं गाव मुरबाडच्या बाजूला होतं. म्हणजे अजूनही तिथेच आहे, फक्त पाण्याखाली आहे. धरण माझ्या जन्माच्या आधीचं. गावापासून बऱ्याच खाली त्याचं पाणी संपायचं आणि आम्ही त्याच्या काठाला म्हशी धुवायला न्यायचो, त्यामुळे त्याची भीती कधी वाटली नाही. पण तिकडे ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत इमारती उठत होत्या, खाडीच्या चिखलात भराव टाकून टॉवर उभे राहत होते आणि त्यातल्या प्रत्येकाला नळ हवा होता. मग धरणाची उंची वाढवायचं ठरलं. उंची वाढली की पाणी मागे पसरतं, आणि मागे आम्ही होतो. बदल्यात मोबदला मिळाला आणि घरटी एक नोकरी. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक, लग्न होऊन कोपरला राहणारी, तेव्हा नोकरी माझ्या नावावर आली. नेमकी पाण्याच्या खात्यात. यात कोणी मुद्दाम खोडी काढली असं नाही, तिथे जागा रिकामी होती इतकंच.

बाबा शेवटपर्यंत घर सोडेनात. सगळं गाव उठून गेलं तरी ते ओट्यावर बसून. नदीकाठी आमची विहीर होती, गोड्या पाण्याची, उन्हाळ्यात अर्धं गाव तिच्यावर यायचं. ती बुडाली तेव्हा त्यांनी फोन करून मला एवढंच सांगितलं, "हीर गेली." पाणी अंगणातल्या तुळशीला लागलं त्या दिवशी मी आणि माझा नवरा टेम्पो घेऊन गेलो. टेम्पोत घालायला फारसं काही नव्हतंच. बाबांनी आईची तांब्याची कळशी मांडीवर घेतली आणि कोपरला येईपर्यंत खाली ठेवली नाही.

आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही वरच्या मजल्यावर. जिना चढून आलेल्या माणसाला देतात तसा मी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. त्यांनी पेला नाकाशी नेला आणि विचारलं, "हे कुठलं?"

"नळाचं."

"नळाला कुठनं येतं?"

नव्या नोकरीत नुकतंच शिकवलं होतं, त्यामुळे मला ते पाठ होतं. हुशारीनेच सांगितलं. धरणातून नदीत सोडतात, पुढे शहाडच्या आसपास नदीतून पंपाने उचलतात, गाळतात, औषध टाकतात, उंच टाकीत चढवतात, मग आमची माणसं चावी फिरवून एकेका भागाला सोडतात. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत ते पडतं, तिथून पंपाने गच्चीवर जातं आणि गच्चीवरून खाली आपल्या नळाला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे आपल्या घरावरनं आलं," ते म्हणाले, आणि पेला तसाच टेबलावर ठेवला.

आमच्या सोसायटीत पाणी दोन प्रकारचं. एक नळाचं, गोडं, ठरलेल्या वेळी येणारं. दुसरं बोअरचं, संडासाला आणि जिने धुवायला. खाडी जवळ असल्यामुळे ते मचूळ, तोंडात घेतलं की जीभ आक्रसते. खाली पार्किंगमध्ये त्याचा एक वेगळा नळ आहे आणि त्यावर पाटी आहे, 'पिण्यास अयोग्य'. बाबा जिना उतरून खाली गेले, तो नळ सोडला आणि ओंजळ लावून प्यायले. मी मागोमाग धावत गेले.

"बाबा, ते पिण्याचं नाहीये."

"ह्याच्याखाली कुनाचं घर हाय?"

"नाही."

"मंग पिण्याचं हाय."

तेव्हापासून दोन वर्षं ते बोअरचंच पाणी प्यायले. सकाळ-संध्याकाळ कळशी घेऊन खाली जायचे, भरून वर आणायचे, आपल्या खाटेशेजारी झाकून ठेवायचे. मी वाद घालायला कमी केलं नाही. एकदा विचारलं, "आणि भात? भात कशात शिजतो? चहा कशाचा होतो?" ते म्हणाले, "शिजलं की ते पानी नाय ऱ्हात." आंघोळीचं विचारलं तर म्हणाले, "अंगाला लावतो, आत घेत नाय." सगळे नियम त्यांनी स्वतः बसवलेले. उपासाला काय चालतं आणि काय नाही हे बायका ठरवतात, तितक्याच ठामपणे.

लोकांना हे बघवेना. सोसायटीचे सेक्रेटरी एका रविवारी वर आले. चांगला शिकलेला माणूस, निवृत्त. "वहिनी, राग मानू नका," म्हणाले, "पण तुमचे वडील खालच्या नळाचं पाणी पितात ते बरं दिसत नाही हो. येणारे-जाणारे बघतात. आपल्या सोसायटीत म्हाताऱ्यांना पाणी देत नाहीत असं वाटतं." या गृहस्थांची पांढरी गाडी. ती रोज सकाळी पाइप लावून धुतली जायची आणि ती गोड्या पाण्याने, कारण बोअरच्या पाण्याचे काचेवर पांढरे डाग पडतात. त्यांच्यामागे आणखी चारपाच गाड्या. मी दारातच म्हटलं, "तुमच्या गाडीला गोडं पाणी लागतं आणि माझ्या बापाला बोअरचं चालतं. यातलं तुम्हाला नक्की काय बरं दिसत नाही?" ते म्हणाले की मी विषय भलतीकडे नेते आहे. मी म्हटलं, मीटिंगमध्ये घ्या. त्यानंतर जिन्यात भेटले की ते मोबाइल काढून बघायला लागत.

पण खरं सांगायचं तर सेक्रेटरींपेक्षा मला बाबांचाच राग जास्त यायचा. दिवसभर मी शहराची तहान ऐकून घरी यायचे आणि घरात हा माणूस ती झाकलेली कळशी शेजारी ठेवून बसलेला. त्याचं प्रत्येक घोट गिळणं मला ऐकू यायचं. बोलत काहीच नव्हते, तरी रोज मला काहीतरी सुनावत होते. नवरा म्हणायचा, "अगं, त्यांचं वय झालंय, सोडून दे ना." त्याचं काय, त्याचं गाव कोरडं आहे.

एका सकाळी बाबा पोट धरून जमिनीवर लोळायला लागले. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या. मूतखडे निघाले, एक किडनी जवळजवळ कामातून गेलेली, दुसरीवरही भार. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पितात?" मी सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "बोअर आजपासून बंद. दिवसाला निदान दोन-अडीच लिटर चांगलं पाणी पोटात गेलं पाहिजे. जेवणातलं मीठ कमी करा, प्रेशरही आहे. दुसरी किडनी गेली तर मग पुढे फार काही हातात राहत नाही." बाबा शेजारी बसून हे ऐकत होते. घरी आल्यावर खाटेवर टेकले आणि म्हणाले, "कळशी भरून आन. माज्यानं जिना उतरवत नाय आता."

"नळाची आणीन."

"तर नको."

त्या दिवशी आमचं जे भांडण झालं ते तिन्ही मजल्यांनी ऐकलं असेल. मी म्हटलं, गाव गेलं ते गेलं, तुम्ही मरून ते वर येणार आहे का? मी म्हटलं, बुडालेल्या शंभर घरांतली माणसं हेच पाणी पितात, त्यांना काही होत नाही, तुम्हीच काय मोठे लागून गेलात. बाबा खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "तू तर तिची ओटी भरलीस."

ते मला वाटलं होतं त्यांना माहीत नाही. धरण भरलं की ऑगस्टमध्ये खात्याची माणसं तिथे जातात, नारळ सोडतात, खणा-नारळाने नदीची ओटी भरतात. शहराची वर्षाची चिंता मिटली म्हणून. बाबा आमच्याकडे आले त्या वर्षी साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिकडच्याच ना? मग ओटी तुम्हीच भरा." बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीपलीकडे सहलीला आलेली पोरं फोटो काढत होती, कुणीतरी गाणी लावली होती. मी हिरव्या खणात नारळ आणि तांदूळ घेऊन पुढे झाले. समोर पसरलेल्या पाण्यात नेमकं कुठे काय आहे ते तिथे मला एकटीलाच कळत होतं. देऊळ कुठे, शाळा कुठे, आमचा ओटा कुठे. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, नोकरी नवी होती. मी ओटी पाण्यात सोडली आणि कोणीतरी तो फोटो सगळीकडे पाठवला. बाबांपर्यंत तो पोचला होता आणि त्यांनी महिनोन्महिने तो पोटात ठेवला होता.  मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत राहिले.

आपटता आपटता युक्ती सुचली. बोअरचं आणि नळाचं यात फरक काय? चव. एका पेल्यात नळाचं पाणी घेतलं, चिमूटभर मीठ ढवळलं, चाखून बघितलं. कमी वाटलं, आणखी थोडं टाकलं. हुबेहूब जमलं.

अडचण एवढीच की बाबांची खाट गॅलरीत आणि गॅलरीतून खालचा बोअरचा नळ स्पष्ट दिसतो. कळशी घरात भरून त्यांच्या पुढ्यात ठेवली असती तर कळलं असतं. मग मी काय करायचे? आत दार लावून कळशी नळावर भरायची, त्यात मीठ विरघळवायचं, वर झाकण ठेवायचं, आणि भरलेली कळशी रिकामी असल्यासारखी घेऊन त्यांच्यासमोरून तीन मजले उतरायची. खाली बोअरचा नळ सोडायचा, त्याच्यापुढे कळशी आडोशाला धरून उभं राहायचं, पाणी गटारात जाऊ द्यायचं, कळशी भरायला लागतो तितका वेळ आणि मग तीच कळशी घेऊन तीन मजले वर. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. सेक्रेटरी एकदा गाडी पुसता पुसता हा प्रकार बघत राहिले. भरलेल्या कळशीपुढे नळ सोडून उभी असलेली पाणी खात्यातली बाई. मी म्हटलं, "काय आहे?" ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले.

बाबा प्यायचे. निमूट, पेल्यावर पेला. मला इतका विजय झाल्यासारखा वाटला की मी ऑफिसात दोन दिवस लोकांशी गोड बोलले. माझी कंबर धरली, गुडघे बोलायला लागले, पण दोन महिने मी ते नाटक चुकवलं नाही. जेवणही काटेकोर अळणी. डाळीत मीठ नाही, भाजीत नाही, पापड-लोणचं बंद. नवरा वैतागून वरून मीठ घ्यायचा आणि मी त्याला रागवायचे की बाबांसमोर नको.

पुढच्या तपासणीला बाबांच्या पायांवर सूज होती. बोट दाबलं की खड्डा पडायचा. प्रेशर पहिल्यापेक्षा वर गेलेलं. डॉक्टर चिडले. "मी मीठ कमी करा म्हटलं होतं ना?"

"कणभर देत नाही हो. सगळं अळणी करते."

"मग हे जातंय कुठून?"

आणि तेव्हा मला कळलं. इतके दिवस माझ्या डोक्यात मीठ म्हणजे डाळीतलं, भाजीतलं मीठ. कळशीतलं मीठ हे मीठ आहे असं मनात आलंच नव्हतं. बाबांना बाहेर बसवून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले आणि मग हसायचे थांबले. "तुम्ही पाणी खात्यात आहात ना?" असं म्हणाले. आणि मग, "मीठ आजच्या आज बंद. किडनी वाचवायला चांगलं पाणी द्या म्हटलं, आणि त्यातूनच तुम्ही ती घालवताय." मला तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी आलो तेव्हा दुपार होती. रजा काढली होती, त्यामुळे वेळच वेळ होता. मीठ घातलं तर पाय सुजणार, नाही घातलं तर चव कळणार आणि पाणीच बंद होणार. मी स्वयंपाकघरात मिठाचा डबा उघडून उभी राहिले, परत झाकण लावलं. नाटकही करवेना. नळाखाली पेला धरला, भरला, आणि सरळ गॅलरीत नेऊन त्यांच्या हातात दिला. भांडणाची सगळी तयारी करूनच गेले होते.

बाबांनी एक घोट घेतला. तोंडातच ठेवला थोडा वेळ, मग गिळला.

"मीठ इसरलीस," ते म्हणाले.

"कसलं मीठ?"

"रिकामी कळशी घेऊन कुनी असं उतरतं? एक हात कठड्याला, कंबर वाकडी. तुजी आय जल्मभर माज्यासमोर पानी व्हायची. भरली कळशी मला वळखत नाय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिशी."

माझं टाळकं फिरलं. दोन महिने सकाळ-संध्याकाळ तीन मजले. मी ओरडलेच, "मग बोललात का नाही? आणि माहीत होतं तर प्यायलात कशाला? आपल्या घरावरून आलेलं पाणी तोंडात घ्यायचं नव्हतं ना तुम्हाला?"

"खारं होतं म्हनून प्यालो. खारं होतं तवर कुनाचं बी होतं." त्यांनी पेला उजेडाकडे धरून आत बघितलं. "हे आपल्या हिरीचं लागतं गो. तुज्याकडं आलो त्या दिशी पेला नाकाशी नेला तवाच कळलं. म्हनून नको होतं."

दोन वर्षं मला वाटत होतं की हा माझ्यावरचा राग आहे, नोकरीवरचा, या सबंध शहरावरचा, आणि त्या भांडणापासून ओटीवरचाही. त्या रागाला पुरून उरेल इतका राग मी रोज तयार ठेवला होता, आणि आता तो घेऊन कुठे जायचं ते कळेना. रडू येत होतं, पण आवाज चढलेलाच राहिला. दुसरा आवाजच निघेना. "डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलंय," मी म्हटलं. "आता मिळेल तर असंच मिळेल. प्यायचं तर प्या, नाहीतर ती किडनीही घालवा आणि जा आईकडे."

त्यांनी पेला रिकामा केला आणि पुढे केला. मी भरून आणला. तोही प्यायले. तिसऱ्या पेल्याला मी खालून आधार दिला. आईला आजारपणात ते असंच पाजायचे. खाली पाइप सुरू झाल्याचा आवाज आला. सकाळ नव्हती, पण कोणीतरी प्रवासावरून आलं असेल. बाबांनी तोंड पुसलं, कठड्यावरून वाकून खाली बघितलं. पांढऱ्या गाडीच्या टपावरून पाणी वाहून गेटच्या दिशेने चाललं होतं.

"एवढं चांगलं पानी," ते म्हणाले. "आन् हे गाड्या धुत्यात."

 मी काय बोलणार, या गाडीवाल्यांना पाणी कमी पडलं की ती तक्रार लिहून घ्यायला मीच बसलेली असते.